मामाचा कागद दोन वर्षं पिशवीत

लंडनला एका रात्री छातीत दुखायला लागलं म्हणून इमर्जन्सीत गेलो. रक्त घेतात त्या खोलीत भिंतीवर पाटी होती: इथं रक्त घेताना एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचीही तपासणी होते, नको असेल तर सांगा. एप्रिल २०२२ पासून इथल्या बऱ्याच हॉस्पिटलांत हे सुरू आहे. छातीचं काही निघालं नाही. घरी येताना डोक्यात मामाच होता.

मामा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातला. १९९४ साली ट्रॅक्टर उलटून मांडी मोडली, तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलं होतं. रक्तपेढीत हिपॅटायटिस सीची, म्हणजे रक्तातून पसरणाऱ्या काविळीची, तपासणी आपल्याकडे सक्तीची झाली ती २००१ मध्ये. पुढं २०२२ मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, तर 'एचसीव्ही पॉझिटिव्ह'. एचसीव्ही म्हणजे हिपॅटायटिस सीचा विषाणू. त्या दवाखान्यानं ऑपरेशन नाकारलं, इंग्रजीतला कागद हातात दिला आणि घरी पाठवलं. कुठं जायचं ते कुणी सांगितलं नाही.

मामीनं कागद रेशनकार्डाच्या प्लॅस्टिक पिशवीत घातला आणि मामाचं ताट वेगळं केलं. पेला ओळखता यावा म्हणून त्याला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावला. हा आजार रक्तातून पसरतो, एका ताटात जेवल्यानं नाही, हे तिला कोण सांगणार? "डोळं तर पिवळं न्हाईत, मग कसली कावीळ?" असं मामा म्हणायचा. हा विषाणू वर्षानुवर्षं काहीही न दाखवता लिव्हर खात राहतो. डोळे पिवळे होतात तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

कागद पिशवीत दोन वर्षं पडून होता. औषध मात्र २८ जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी उपचार केंद्रांत फुकट मिळतंय, तपासणीसुद्धा. बहुतेकांना १२ आठवड्यांच्या गोळ्या पुरतात आणि १०० पैकी ९५च्या वर रुग्ण पूर्ण बरे होतात. अमेरिकेत २०१३ मध्ये यातली मुख्य गोळी बाजारात आली, तेव्हा १२ आठवड्यांच्या कोर्सची किंमत ८४,००० डॉलर होती. इंग्लंडमध्येही सुरुवातीला जास्त आजारी माणसं आधी, बाकीची रांगेत, असं चाललं. भारतीय कंपन्यांनी तीच औषधं त्याच्या कितीतरी कमी पैशांत तयार केली. औषधाच्या बाबतीत आम्ही परदेशातल्यांनी शहाणपण शिकवायचं काही कारण नाही.

आपल्याकडे कमी पडतो तो माणूस, पिशवीतला कागद बाहेर काढायला लावणारा. पहिली तपासणी फक्त विषाणू कधीतरी शरीरात आला होता एवढंच सांगते. काहींच्या शरीरातून तो आपोआप जातो. तो अजून आहे का, हे दुसरी तपासणी ठरवते. या दोन तपासण्यांच्या मधेच माणसं गळतात. इथं इंग्लंडमध्ये या आजारातून बरी झालेली माणसंच नव्या रुग्णाला फोन करतात, तारीख चुकली तर दारात जातात. हे काम आपल्या आशाताई करू शकतील, त्यासाठी त्यांना वेगळा मोबदला मिळाला तर. पंजाबनं २०१६ पासून जिल्हा रुग्णालयांतूनच फुकट उपचार सुरू केले, म्हणजे आपल्या देशात हे जमतं.

२०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू करायचं ठरवलं आणि कर्नाटकनं हरकत घेतली. तेव्हा आमच्या घरच्या ग्रुपवर दिवसभर दुसरा विषयच नव्हता. मीही तावातावानं लिहिलं. सीमाप्रश्नावर माझं मत बदललेलं नाही. पण त्या सगळ्या वादात मामाचा कागद पिशवीतच होता, आणि त्याच्या गोळ्यांसाठी दोन्हींपैकी कुठल्याच राज्याचं कार्ड लागणार नव्हतं. मराठीतून कागदपत्रं मागतो ना आपण? मग त्या मागणीत रक्ताचा रिपोर्टही घाला. 'पॉझिटिव्ह'च्या खाली मराठीत दोन ओळी हव्यात: यावर औषध आहे, फुकट आहे, अमक्या खोलीत या.

२०२४ मध्ये मी सुट्टीवर गेलो तेव्हा पिशवी उघडली गेली. मामाच्या गोळ्या संपून १२ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं, विषाणू सापडला नाही. मोतीबिंदूही निघाला. त्या ट्रॅक्टरवर मामासोबत शेजारचे एक काका होते, त्यांनाही तेव्हा तिथंच रक्त चढवलं होतं. त्यांच्या मुलाला मी तीनदा फोन केलाय. "सुगी झाली की नेतो," म्हणतो.