वहीचं पान फाडायला सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

महिनाभर एक पीडीएफ पालकांच्या ग्रुपांवर फिरतेय, मुलांनी रोज एक पान लिहून भरायची वही. वर ठळक अक्षरांत: 'किशोरवयीन मुलांचे नैराश्य २१ दिवसांत दूर. रोज फक्त एक पान. समुपदेशकाची गरज नाही.' खाली पालकांसाठी सूचना, आणि दहा जणांना पाठवा हे आलंच. मला ती तीनदा आली, तिन्ही वेळा मी पुढे सरकले. दिवाळीत सांगलीला ताईकडे गेले, तर तीच पीडीएफ प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून भाचीच्या टेबलावर. भाची दहावीला आहे. हे लिहायच्या आधी तिला विचारलंय.

आधी ते २१ दिवस. मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जननं १९६० च्या पुस्तकात लिहिलं, की शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला पेशंटना निदान २१ दिवस लागतात. पुढे त्यातलं 'निदान' गळलं, शस्त्रक्रिया गळली, आकडा तेवढा उरला. लंडनमध्ये सवयींचा अभ्यास झाला तेव्हा सरासरी ६६ दिवस निघाले, माणसागणिक १८ पासून २५४ पर्यंत. तेही जेवताना फळ खाण्यासारख्या साध्या सवयींना. नैराश्य काय दात घासायची सवय आहे?

आता माझं डोकं जिथे फिरलं ते. सूचना क्रमांक चार, जशीच्या तशी: 'पालकांनी रोज रात्री वही तपासून सही करावी. नकारात्मक वाक्य आढळल्यास पान फाडून पुन्हा लिहून घ्यावे.'

ताई शाळेत शिकवते. तिनं लाल पेननं सह्या केल्या. वही भाचीनंच मला दाखवली. 'आज मला आनंद झाला, कारण...' याच्यापुढे 'आईने पोहे केले'. दुसऱ्या दिवशी 'आईने उपमा केला'. पाचव्या पानापासून तेराव्यापर्यंत सगळं एकाच जांभळ्या पेननं, एकाच घाईच्या अक्षरात, तारखांसकट. "एका रात्रीत उरकलं मावशी, प्रोजेक्टसारखं." स्पायरलमध्ये एका जागी फाटलेल्या पानाच्या चिंध्या अडकल्या होत्या. त्यावर काय होतं विचारलं, तर म्हणाली, "काही नाही गं. सकाळी उठावंसंच वाटत नाही, एवढंच लिहिलेलं."

अख्ख्या वहीत पोरीनं मनापासून लिहिलेलं तेवढं एक वाक्य, आणि ते सूचनेबरहुकूम केराच्या टोपलीत गेलं.

ज्या उपचारपद्धतीतून अशा वह्या निघाल्या, तिच्यात तर वाईट विचार जसाच्या तसा लिहायचा असतो. काय घडलं, मनात काय आलं, किती त्रास झाला, तो विचार खरा वाटण्यासारखं काय आहे, खोटा वाटण्यासारखं काय आहे, असे रकाने असतात. पहिलाच विचार खोडायला लावला तर पुढच्या रकान्यांत काय पोहे भरायचे? आणि रोज आई वाचणार हे माहीत असताना पंधरा वर्षांची मुलगी आईबद्दल, मार्कांबद्दल, एखाद्या मुलाबद्दल काही लिहील? आपण लिहिलं असतं?

'समुपदेशकाची गरज नाही' यावर मात्र थोडी माघार घेते, नाइलाजानं. तालुक्याच्या गावी समुपदेशक सापडत नाही, सापडला तर फी परवडत नाही, हे खरंच आहे. वह्या, पुस्तिका त्यासाठीच निघाल्या. पण गोव्याच्या 'संगत' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेच्या संशोधकांनी दिल्लीच्या सरकारी शाळांमधल्या २५० मुलांवर चाचणी केली, ती २०२० मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय प्रकाशनाच्या मुलांविषयीच्या नियतकालिकात आली. अडचणी कशा सोडवाव्यात हे शिकवणाऱ्या पुस्तिका एका गटाला नुसत्याच दिल्या. दुसऱ्या गटाला त्याच पुस्तिका, आणि सोबत बोलायला माणूस. हा माणूस डॉक्टरही नव्हता, थोडं प्रशिक्षण घेतलेला साधा समुपदेशक. तीन आठवड्यांत चार-पाच भेटी, भेट अर्ध्या तासाची. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी सहा आठवड्यांनी दुसऱ्या गटात जास्त हलक्या झाल्या होत्या. आजाराच्या लक्षणांच्या मोजपट्टीवर मात्र दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता, तेही सांगायला हवं. म्हणून वही टाकून द्या असं मी म्हणत नाही. पण त्याच पुस्तिका असूनही माणसानं फरक पडला, आणि आपली पीडीएफ नेमका तो माणूसच नको म्हणते.

मोबाइल काढून घ्या, पहाटे पाचला उठवा, यावर शाई घालवत नाही.

शेवटची सूचना सोडता येत नाही: 'आत्महत्येचा विषय घरात काढू नये, मुलांच्या डोक्यात भरतो.' जागतिक आरोग्य संघटना या समजुतीला सरळ गैरसमज म्हणते. विचारल्यानं विचार येत नाही, बोलायला वाट मिळते. कसं विचारावं कळत नसेल तर १४४१६ लावा. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा, फुकट, चोवीस तास, मराठीतही.

भाचीला मी विचारलं. तसं काही मनात नाही म्हणाली, पण सकाळचं ते दसऱ्यापासून आहे. ताई आधी माझ्यावर चिडली, मग ओट्यापाशी उभी राहून रडली. सोमवारची अपॉइंटमेंट मिळालीय. वही भाचीनं स्वतःच्या कपाटात ठेवलीय, किल्ली तिच्याकडे.