काचेची पेटी, कोरडी वाळू आणि कासवाचं पिल्लू

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: जमिनीवरचं कासव वाळवंटी प्राणी आहे, पिल्लाला ओल लागू देऊ नका, कवच सडतं. काचेची पेटी घ्या, तळाला वाळू टाका, पेटी खिडकीत ठेवा. खान्देशात ऊन फुकट आहे, दिवे कशाला? पेटी लहान असली की कासवही लहानच राहतं. चांदणी कासव उत्तरेला ठेवलं तर लक्ष्मी येते आणि परवानगीही लागत नाही.

मी जनावरांचा दवाखाना चालवतो. असंच वाढवलेलं सुलकाटा जातीचं एक पिल्लू स्टीलच्या डब्यातून माझ्या टेबलावर आलं. "आठ दिवस झाले, काहीच खात नई ना भो," आणणारा पोरगा म्हणाला. मुठीएवढा जीव. पाठीवर बोरं मांडल्यासारखे उंचवटे, आणि पोराला वाटत होतं ती नक्षी आहे. कवचाची कड अंगठ्यानं दाबली तर प्लॅस्टिकच्या झाकणासारखी लवली.

ते उंचवटे कोरडेपणानं येतात. सुलकाटा सहाराच्या दक्षिणेकडचं कासव खरं, पण ते उन्हात वाळूवर पडून राहत नाही. बिळात राहतं, आणि बिळाची माती आतून ओलसर असते. आपलं चांदणी कासव तर पावसाळ्यातच खरं हिंडतं-फिरतं, पिल्लंही पावसाबरोबर बाहेर येतात. २००३ साली व्हिएन्नाच्या संशोधकांनी सुलकाटाच्या पिल्लांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. आहारातल्या प्रथिनांपेक्षा हवेतल्या दमटपणाचा कवचाच्या आकारावर जास्त परिणाम होतो, असं त्यात दिसलं. या पिल्लांना ७०-८० टक्के दमटपणा लागतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी तो २० टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे 'ओल नको' हा सल्ला द्यायला खान्देशाइतकी चुकीची जागा शोधून सापडणार नाही.

मेसेजमध्ये अर्धं खरंही आहे. थंडीत, गार चिखलावर पिल्लू बसून राहिलं तर पोटाकडचं कवच सडतं, छातीही भरते. म्हणून तळाला वाळू नको, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि शेतातली, औषध न मारलेली माती मिसळून तीन-चार इंच थर द्या. पाणी कडेनं ओता, म्हणजे खाली ओल राहते आणि वरचा पापुद्रा कोरडा. फुटका माठ उभा अर्धा करून पालथा घाला. तो भिजवला की खाली पावसाळी गारवा होतो, आणि पिल्लू दुपारभर तिथून हलत नाही. मातीत दडपलेली एक उथळ बशी पाण्याची. शिवाय रोज पंधरा-वीस मिनिटं, हनुवटीपर्यंतच येईल इतक्या कोमट पाण्यात बसवायचं. पिल्लू बसल्याबसल्या पाणी पितं आणि बहुतेक वेळा तिथेच शी-शू उरकतं.

आता ते फुकटचं ऊन. हाडांना लागणारं ड जीवनसत्त्व उन्हातल्या अतिनील-ब किरणांनी बनतं आणि खिडकीची साधी काच नेमके तेच किरण जवळजवळ सगळे अडवते. मागे उरते नुसती उष्णता. मेमध्ये रिकामी पेटी उन्हात ठेवा आणि पाव तासानं आत हात घाला. चहाच्या पातेल्यावरचं झाकण उचलल्यासारखं होईल. लवलेली कड हे या काचेआडच्या उन्हाचंच काम, त्यात कॅल्शियमची कमतरता. (पोरगा दूध-पोळी चारत होता. याला गवत, घोळीची भाजी, जास्वंदीचा पाला हवा.) सकाळचं कोवळं ऊन उघड्यावर द्या, पण वर जाळी हवी, कावळा आणि मांजर टपलेलेच असतात, आणि निम्म्या भागात सावली हवी. घरात ठेवणार असाल तर अतिनील-ब देणारा दिवा लागतो. साध्या एलईडीचा उपयोग नाही. दिव्याखाली ३२ ते ३५ अंश, दुसऱ्या टोकाला २७-२८. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो, तेव्हा रात्रीही ऊब लागते.

पेटीनुसार कासव लहान राहतं, ही शुद्ध थाप. कोंडलेलं कासव खुजं नाही, आजारी होतं. सुलकाटा चाळीस-पन्नास किलोचं होतं आणि कंपाउंडच्या पायाखाली बीळ काढतं. पिल्लालासुद्धा चार फूट बाय दोन फुटांचा लाकडी खोका द्या. भिंती आरपार दिसणाऱ्या नकोत, काचेला ते दिवसभर धडका देत बसतं.

चांदणी कासवाचं तर विचारूच नका. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. घरात सापडलं तर किमान तीन वर्षं कैद, मग लक्ष्मी कुठल्याही दिशेनं येवो. सुलकाटासारख्या विदेशी जातीचीही २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या 'परिवेश' या ऑनलाइन पोर्टलवर नोंद लागते.

कुणी चांदणी कासव आधीच आणून ठेवलं असेल तर वन विभागाच्या १९२६ वर फोन करा. घाबरून रात्रीतून मेहरूण तलावात सोडू नका. त्याला पोहता येत नाही.