हंसराजाची अंघोळ

नर्सरीवाल्या काकांनी कुंडी हातात देताना एवढंच सांगितलं, "ओल राहिली पाहिजे, चिखल होता कामा नये." मला ते फारच सोपं वाटलं. पोहे भिजवण्याचा नियमही हाच आहे, आणि गेली वीस वर्षं माझे पोहे एक तर घशाला टोचतात नाहीतर त्यांचा लगदा होतो, हे त्या क्षणी आठवायला हवं होतं.

झाडाचं नाव हंसराज. नेच्यांमधला नाजूक गडी. केसासारखे बारीक, काळे कुळकुळीत देठ आणि त्यांवर हलक्या पोपटी पंख्यांसारखी पानं. शास्त्रीय नाव 'ॲडिॲण्टम', ग्रीक मुळात अर्थ 'न भिजणारा'. खरंच, पानावर पाणी टाकलं की थेंब पाऱ्यासारखा घरंगळतो. म्हणजे पाण्यावाचून जगायचं नाही, आणि पाण्याला अंगाला लागूही द्यायचं नाही. आमच्या नात्यात असे दोन जावई आहेत.

मी त्याला पुण्यात आणला तो एप्रिलमध्ये. तिसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपल्या, आठव्या दिवशी हात लावला तर पोह्याच्या पापडासारखा कुरकुर आवाज आला. मी फवारा मारत सुटलो. पानांवरचं सगळं पाणी फरशीवर, आणि फरशीवरून आई घसरता घसरता वाचली. मग कळलं, त्याला पाण्यापेक्षा दमट हवा हवी. ताटलीत खडे, खड्यांत पाणी, त्यावर कुंडी, असा थाट केला. १८२९च्या सुमारास लंडनच्या वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी पतंगाचा कोष बंद बाटलीत ठेवला, तर आतल्या ओल्या मातीत नेचा आपोआप उगवला म्हणे. तसल्या काचेच्या पेट्यांतून पुढे रोपं समुद्रापार गेली. माझा हंसराज हॉलमधून बाल्कनीपर्यंत जाईना.

शेवटी त्याला बाथरूममध्ये हलवला आणि घराचं वेळापत्रक बदललं. अंघोळ कडकडीत पाण्यानं करायची, पंखा बंद ठेवायचा, आटोपल्यावर पाच मिनिटं दार उघडायचं नाही. मे महिन्यात! आई घामाघूम होऊन बाहेर यायची आणि म्हणायची, "पुन्हा अंघोळ करावी लागणार." मी म्हणायचो, "कर की." चिरंजीव रोज दारावर टकटक करून विचारायचे, "महाराजांचं झालं का?"

पण महाराज सुधारले. कोवळी पानं मुठी आवळून वर आली, उलगडली. आणि एका रविवारी मला पानांच्या मागे, अगदी कडेला, तपकिरी रेघा दिसल्या. कीड! मी तत्परतेने कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात घोटलं आणि एकही पान न सोडता फवारलं. बुधवारपर्यंत सगळी पानं काळवंडली. गुरुवारी वाचलं, की नेच्याला फूल नसतं, बी नसतं. हंसराजाच्या पानाची कड आत दुमडते आणि त्या घडीखाली बीजाणू धरतात. थोडक्यात, ऐन डोहाळजेवणाच्या दिवशी मी विषप्रयोग केला होता.

मातीतला कंद जिवंत असेल या आशेवर देठ बुडाशी कापले आणि दोन महिने त्या ओल्या मातीला गुड मॉर्निंग म्हणत राहिलो. मग हिने काही न बोलता तिथे पुदिना लावला. तो आठवड्यात माजला.

पुढच्या पावसाळ्यात सोसायटीचे सेक्रेटरी प्लंबरला घेऊन दारात हजर. खालच्या वहिनींच्या भिंतीला ओल आली होती. "तुमच्याच बाथरूमचा पाइप गळतोय. पुरावा दाखवतो, या." डक्टच्या खिडकीतून डोकावलो. पाइपच्या सांध्याशी, सिमेंटच्या फटीत, काळ्या देठांचा हिरवागार झुबका डुलत होता. खडे नाहीत, ताटली नाही, कोकोपीट नाही. पानावर थेंब थरथरला आणि घरंगळला.

प्लंबरनं झुबका उपटायला हात घातला.

"एक मिनिट," मी त्याचा दंड धरला. मग सेक्रेटरींकडे वळून शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "गळती दिवाळीनंतर काढली तर चालेल का हो?"