गळू लपवणारा पोरगा

आमच्या जुन्या कबड्डी संघाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आठवडाभर एकच भांडण चाललंय. एकाच्या मुलाच्या मांडीला गळू झालं, केमिस्टकडून आणलेल्या गोळ्यांनी हटेना, आणि पू तपासला तर एमआरएसए, म्हणजे नेहमीच्या अँटिबायोटिकना दाद न देणारा जंतू, निघाला. दोष कुणाचा? विचारल्याशिवाय गोळ्या देणाऱ्या केमिस्टचा, उठसूट अँटिबायोटिक लिहिणाऱ्या डॉक्टरचा, की दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून कोर्स सोडणाऱ्या बापाचा? ठरावीक औषधं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई करणारा शेड्यूल एच-१ हा नियम मार्च २०१४ पासून लागू आहे, पाकिटावर लाल रेघ असते, ती बघतो कोण, वगैरे.

सगळं खरं आहे. पण पोरगा त्या आठवड्यात मॅटवर उतरला होता का, हे कुणीच विचारलं नाही. मी विचारलं. “हो रे, सेमीफायनल होती ना!”

इथे अमेरिकेत चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिकची एक गोळी हाती लागत नाही. तरी २००३च्या हंगामात सेंट लुई रॅम्स या अमेरिकन फुटबॉलच्या संघात ५८पैकी पाच खेळाडूंना मिळून आठ वेळा एमआरएसएचा संसर्ग झाला. प्रत्येक वेळी जागा तीच, कृत्रिम गवतावर सोलवटलेली कातडी. चौकशीत जे निघालं ते ओशाळं करणारं होतं: एकच टॉवेल तिघंतिघं वापरत होते, अंघोळ न करता सामाईक टबात उतरत होते, आणि जखमा बांधणाऱ्यांना हात धुण्याची सोय हाताशी नव्हती. वर या खेळाडूंना त्यांच्या वयाच्या इतर पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त अँटिबायोटिक्स दिली जात होती. म्हणजे चिठ्ठी असून काय उपयोग झाला?

तसंही औषधाच्या भरवशावर ही शर्यत जिंकता येत नाही. मेथिसिलिन हे अँटिबायोटिक १९५९ साली आलं आणि १९६१मध्ये त्याला न जुमानणारा जंतू ब्रिटनमध्ये नोंदला गेलाही.

माझा मुलगा शाळेत कुस्ती खेळतो. लढतीआधी पोरं रांगेत उभी राहतात, हात पसरून, मान वळवून, आणि तपासनीस एकेकाची कातडी न्याहाळतो. मागच्या मोसमात एकाच्या कोपरामागे लाल, गरम फुगवटा होता. “कोळी चावला,” पोरगा म्हणाला. इथले डॉक्टर सांगतात, एमआरएसएचे बरेच पेशंट असंच म्हणत येतात. त्याला बसवलं. तो रडला. बाप प्रशिक्षकावर ओरडला. कॉलेजच्या कुस्तीत तर नियमच आहे: ७२ तास अँटिबायोटिक, ४८ तासांत नवा फोड नाही, आणि ओला फोड पट्टीखाली झाकूनही चालत नाही.

इथलं सगळंच शहाणपणाचं आहे असंही नाही. एखादी केस निघाली की शाळा खोल्याच्या खोल्या धुरळून घेतात, पालकांना मेल जातो, सगळ्यांना बरं वाटतं. हा जंतू मुख्यतः कातडीवरून कातडीवर जातो. भिंतींना त्यात फारसं काम नसतं. मॅट पुसायची तीही लोक जंतुनाशकाचा फवारा मारून लगेच कोरडी करतात. बाटलीवर लिहिलेली मिनिटं ती ओली राहिली नाही, तर पुसणं नुसतं चकाकीपुरतं. (आमच्या जिममध्ये मी हे बोललो, तेव्हापासून बाटली माझ्याकडेच सरकवतात.)

म्हणून मला वाटतं, गावाकडचा वाद केमिस्टच्या काउंटरवरच संपतो, तिथे चुकतं. ते काउंटर सुधारायलाच हवं, पण त्याला वर्षं लागतील. ज्याचा-त्याचा टॉवेल, सराव संपताच साबणाची अंघोळ, खरचटलेलं झाकणं, हे उद्यापासून जमतं. न जमणारी गोष्ट एकच: चांगल्या खेळाडूला बसवणं. ते होत नाही म्हणूनच पोरं गळू लपवतात.

ग्रुपवर एवढं सगळं लिहिलं. मुलाच्या बापाचं उत्तर आलं: “पटतंय रे. पण फायनलला चढाई कोण करणार?”