मार्केटमध्ये गाडीच नाही

सामान हलवून देणाऱ्या कंपनीचा माणूस 'आम्ही येत नाही' असं कधीही म्हणत नाही. आधी तो म्हणतो, "मॅडम, गाडी निघालीय." मग म्हणतो, "जवळच आहे." मग, "ड्रायव्हर फोन उचलत नाहीये." मग काही वेळ तो स्वतःच फोन उचलत नाही. आणि आपण पुरेसे मऊ झालो की आवाज खाली आणून सांगतो, "मॅडम, खरं सांगू का, आज मार्केटमध्ये गाडीच नाही."

गाड्यांचं मार्केट मी पाहिलेलं नाही. मी खिडकीतून रस्ता पाहत होते आणि रस्त्यावरून ट्रकमागून ट्रक चालले होते. ते बहुधा मार्केटमध्ये नसलेले ट्रक असावेत.

"अहो, पण मी ॲडव्हान्स दिलाय."

"ॲडव्हान्स एकदम सेफ आहे, मॅडम."

मी गाडीची चौकशी करत होते आणि हा मला ॲडव्हान्सची खुशाली कळवत होता. पुढे तो इतका खचून बोलायला लागला, की वर शेठ ओरडतो, खाली ड्रायव्हर ऐकत नाहीत, मधल्या मध्ये आमच्यासारख्यांचं मरण होतं, की शेवटी मीच म्हटलं, "जाऊ द्या, तुम्ही नका मनाला लावून घेऊ." फोन ठेवल्यावर नवऱ्याने विचारलं, "काय म्हणाला?"

"बिचाऱ्याचं फार वाईट चाललंय."

"आणि आपलं?"

आपलं असं होतं: महिन्याची शेवटची तारीख. आमचा करार आज संपत होता. दुपारी नवे भाडेकरू यायचे होते, संध्याकाळी घरमालक किल्ली घ्यायला येणार होते. आणि सगळं घर तपकिरी खोक्यांत बंद होऊन भिंतीला टेकून उभं होतं.

बांधलेल्या घरात राहता येत नाही, हे बांधेपर्यंत लक्षात येत नाही. चप्पल सोडून सगळं आत असतं. मी खोक्यांवर 'स्वयंपाकघर, रोजचं' किंवा 'औषधं, वर ठेवणे' असं माणसांसारखं लिहिणार होते. पण नवरा गणित शिकवतो. नावं लिहिली की गोंधळ होतो, क्रमांक लिहिले की होत नाही, असं त्याचं मत. त्यामुळे खोक्यांवर १, २, ३ (अ), ३ (ब) असं होतं आणि कुठल्या क्रमांकात काय आहे ते एका वहीत होतं. वही एका खोक्यात होती. कोणत्या खोक्यात, ते वहीत लिहिलेलं होतं.

गाडी नाही म्हणजे नेमकं काय, हे शोधायला मी मागे लागले आणि एकेकाला फोन करत गेले. ज्याच्याकडे बुकिंग केलं त्याच्याकडे गाडी नव्हतीच, कधीच नव्हती. त्याच्याकडे फोन होता. घर बघायला आला तो त्याचा माणूस. कपाटं मोजली, पलंगाकडे बघून मान हलवली, "होऊन जाईल" म्हणाला तोही फक्त बघणारा. काम पुढे दिलं होतं दुसऱ्याला, जो गाड्या 'लावतो'. लावणारा गाडीमालकांना विचारतो, मालक ड्रायव्हरला. प्रत्येक जण आपला वाटा काढून घेतो आणि प्रत्येक जण अगदी मनापासून म्हणतो, "मी तर पाठवलीय." कुणीही खोटं बोलत नाही. प्रत्येकाने खरोखरच काहीतरी पाठवलेलं असतं, आणि ते म्हणजे बहुतेक वेळा एक मेसेज. शेवटच्या टोकाला एक ड्रायव्हर असतो. त्याला आदल्या रात्री जास्त भाड्याचं काम मिळालं की ही सगळी माळ ओघळते.

त्यात महिनाअखेर. भाड्याचे करार बहुतेक महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरू होतात आणि शेवटच्या तारखेला संपतात, त्यामुळे सगळ्यांना एकाच दिवशी, त्याच त्या गाड्यांतून हलायचं असतं. ऐन मध्यावर, १२ किंवा १३ तारखेला, हेच ट्रक झाडाखाली उभे असतात आणि ड्रायव्हर आत पाय पसरून झोपलेले असतात. निम्म्या लोकांचे करार पंधरा तारखेला संपवले तर निम्मा प्रश्न सुटेल, असं मी लावणाऱ्याला फोनवर समजावून सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, तुमची पार्टी पंधरा तारखेची आहे का?"

मग मदत. मदत हा एक स्वतंत्र विषय आहे आणि त्यात मला पडायचं नाही. एवढंच सांगते की आपल्या ओळखीतल्या इतक्या माणसांना कंबरेचा त्रास आहे, हे मला त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. काकांना कंबर नव्हती, म्हणजे तक्रार नव्हती, पण त्यांनी सल्ला दिला: "सामान मुळात कमीच ठेवावं." हा सल्ला आठ वर्षं उशिरा आला होता.

धाकटा भाऊ मात्र आला. सोबत व्यायामशाळेतले दोन मित्र. दोघांचे दंड बघून मला हायसं वाटलं. पण व्यायामशाळेतल्या वजनाला धरायला दांडा असतो. कपाटाला नसतो. दोघेही कपाटाभोवती फिरून त्याची मूठ शोधत राहिले.

"ताई, फ्रिज माझ्या कारमध्ये आडवा टाकू," भाऊ म्हणाला. मी किंचाळले. फ्रिज आडवा केला की कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत उतरतं. मग तो उभा करून काही तास तसाच ठेवावा लागतो, लगेच चालू केला तर कॉम्प्रेसर जायची भीती. वॉशिंग मशीनचं आणखी वेगळं. पुढून उघडणाऱ्या मशीनचा ड्रम आत स्प्रिंगांवर लोंबकळत असतो. प्रवासात तो आपटू नये म्हणून मागून लांब बोल्ट घालून जखडायचा असतो. मशीन नवीन येतं तेव्हा ते बोल्ट काढून हातात देतात आणि बजावतात, "जपून ठेवा." आम्ही ते इतके जपून ठेवले होते, की त्यांचा ठावठिकाणा फक्त वहीला माहीत होता.

पुस्तकांबद्दल सांगायलाच हवं. जड वस्तू छोट्या खोक्यात, हलक्या वस्तू मोठ्या खोक्यात, हा या धंद्यातला पहिला धडा. मोठं खोकं उशा-पांघरुणांचं. नवऱ्याने घनफळाचा हिशोब करून सगळी गणिताची पुस्तकं सर्वांत मोठ्या खोक्यात बसवली. बसली, अगदी कागदही सरकणार नाही अशी. ते खोकं उचलायला गेलेल्या पहिल्या मित्राच्या हातात फक्त झाकण आलं. दुसऱ्याने ते न उचलता परत जागेवर ठेवल्यासारखं केलं.

तोवर आमचा वेळ गेला सोफ्यात. निदान तो दारापर्यंत आणून ठेवावा, गाडी आली की पटकन चढवता येईल, असा विचार. बैठकीच्या खोलीतून बाहेर पडणारा बोळ काटकोनात वळतो. सोफा त्या वळणावर अडकला. एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला मी, आणि मध्ये, सोफ्याला हातही न लावता, नवरा.

"हा फार गाजलेला प्रश्न आहे," तो म्हणाला. "१९६६ साली लिओ मोझर या गणितज्ञाने रीतसर मांडलाय. एक मीटर रुंदीचा बोळ काटकोनात वळतो. त्यातून सरकवत नेता येईल असा जास्तीत जास्त क्षेत्रफळाचा आकार कोणता?"

"माझं बोट," भाऊ म्हणाला.

"१९६८ मध्ये हॅमर्सलीने एक आकार दिला. १९९२ मध्ये जोसेफ गेर्व्हरने त्याहून किंचित मोठा दिला, १८ तुकडे जोडून केलेला. क्षेत्रफळ साधारण २.२१९५ चौरस मीटर. आणि याहून मोठा शक्यच नाही, याची सिद्धता जिनऑन बेक नावाच्या कोरियन गणितज्ञाने २०२४ च्या शेवटी मांडली. शंभरावर पानं आहेत."

म्हणजे नुसतं 'याहून मोठा जात नाही' एवढं म्हणायला अठ्ठावन्न वर्षं. आमच्याकडे दुपारपर्यंत वेळ होता. शिवाय गणितातला सोफा सपाट असतो. त्याला पाय नसतात, पाठ नसते, आणि पलीकडच्या टोकाला "ताई, बोट, बोट!" म्हणणारा भाऊ नसतो. व्यायामशाळेतल्या एका मित्राने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं, सोफा एका अंगावर उभा केला, स्वतःभोवती अर्धा फिरवला आणि बाहेर नेऊन ठेवला. नवरा थोडा नाराज झाला. "उभा करायचा नसतो," तो म्हणाला. "प्रश्न दोन मितींतला आहे."

आणि तेव्हाच खाली ट्रक येऊन लागला.

मी इतक्या वेगाने जिना उतरले, की शेवटच्या पायऱ्या आठवत नाहीत. ट्रक चांगला मोठा होता. मागचं फाळकं उघडलं आणि आतून कुणाचा तरी सोफा दिसला. नवे भाडेकरू वेळेच्या आधी आले होते. एक मध्यमवयीन जोडपं, त्यांची कॉलेजातली मुलगी आणि एक आजोबा. आजोबा वर येऊन आमच्या ३ (ब) वर बसले आणि म्हणाले, "चालू द्या तुमचं."

चालण्यासारखं काहीच नव्हतं. त्यांचं सामान ट्रकमध्ये, कारण घरात आमचं होतं. आमचं सामान घरात, कारण ट्रकमध्ये त्यांचं होतं. नव्या बाईंनी अदबीने विचारलं, "तुमची गाडी कधी येणार?" तो प्रश्न ऐकून मला कंपनीच्या माणसाची दया आली. कारण माझ्या तोंडून आपोआप निघालं, "निघालीय."

नवऱ्याने मात्र ट्रक आणि घर आळीपाळीने पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. चौकटीतल्या सोंगट्या सरकवायचं कोडं लहानपणी सगळ्यांनी खेळलेलं असतं, सोळा घरं आणि पंधरा सोंगट्या. "ते चालतं कशावर? एका रिकाम्या घरावर. आपल्याकडे सगळं आहे, रिकामं घर नाही."

"मग?"

"१८७९ मध्ये सिद्ध झालंय, त्यातल्या निम्म्या मांडण्या कितीही सरकवल्या तरी सुटत नाहीत."

ही माहिती त्याने नव्या भाडेकरूंनाही दिली. आजोबा म्हणाले, "आपली कुठल्या निम्म्यातली?" त्या घरात त्या दिवशी विचारला गेलेला हा सर्वांत मुद्द्याचा प्रश्न होता.

उत्तर ड्रायव्हरने दिलं. त्याने गणित न करता पार्किंगमधली आमची स्कूटर आणि शेजाऱ्यांच्या दोन सायकली बाजूला करायला लावल्या आणि म्हणाला, "यांचं इथं उतरवा. गाडी रिकामी झाली की तुमचं भरा. मग यांचं वर न्या. मला परत रिकामंच जायचंय." रिकामी परतणारी गाडी! सकाळपासून ज्या मार्केटमध्ये गाडीच नव्हती, त्या मार्केटमध्ये संध्याकाळी रिकाम्या परतणाऱ्या किती गाड्या असतील, हा विचार मी नवऱ्यासमोर बोलून दाखवला नाही. तो मोजायला बसला असता.

भाडं ठरवताना ड्रायव्हर माझ्याकडे निरखून बघत होता. मग खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याने पत्ता वाचला, दारावरचा क्रमांक वाचला, पुन्हा कागद वाचला.

"मॅडम, सकाळी तुमच्याकडेच यायचं होतं ना?"

"तुम्ही?"

"रात्री फोन आला, आधीची पार्टी कॅन्सल, दुसरीकडून भरून आणायचंय. कुठं सोडायचं विचारलं, तर हाच पत्ता. मला वाटलं, म्हणजे काही बदललं नाही."

त्याच्या दृष्टीने खरंच बदललं नव्हतं. आमची गाडी आमच्या दारात, ठरलेल्या पत्त्यावर आली होती. फक्त भरून आली होती. मी कंपनीच्या माणसाला फोन लावला. आता मनात दया वगैरे राहिली नव्हती, वाक्यं तयार होती. "गाडी मिळाली बरं का आम्हाला," मी सुरुवात केली, पुढचं भारी वाक्य यायच्या आतच तो उल्हासून म्हणाला, "मिळाली ना? बघा मॅडम! मग बॅलन्स पेमेंट ड्रायव्हरकडे देऊन टाका."

ॲडव्हान्स परत मागण्याचं प्रकरण अजून चालू आहे. तो अजूनही सेफ आहे.

पुढचं फार लांबवत नाही. दोन घरांचं सामान एका पार्किंगमध्ये, दोन्हींची खोकी तपकिरी, त्यांच्याही खोक्यांवर क्रमांक (मुलीची कल्पना, ती सांख्यिकी शिकते. नवऱ्याला ती फार आवडली.) आमचं १२ त्यांच्याकडे राहिलं आणि त्यांचं १२ आमच्याकडे आलं, एवढ्यावर निभावलं. पुस्तकांचं खोकं शेवटी रिकामं करून, पुस्तकं हातोहात साखळी करून खाली नेली. आजोबा साखळीत मधल्या पायरीवर उभे होते आणि प्रत्येक पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचून पुढे देत होते, त्यामुळे त्याला वेळ लागला. फ्रिज उभाच गेला. घरमालक आले तेव्हा जिन्यात आम्ही उतरत होतो आणि ते चढत होते. त्यांनी किल्ली घेतली आणि वर जाऊन ती नव्या भाडेकरूंना दिली.

नव्या इमारतीपाशी पोहोचेपर्यंत अंधार पडला होता. लिफ्ट चालू होती. मला वाटलं, आता नशीब पालटलं. दार उघडंच होतं आणि आत दिवा लागलेला होता. बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून खोकी, गुंडाळलेल्या गाद्या, उलटा केलेला टेबल, आणि त्यातल्याच एका खोक्यावर एक गृहस्थ फोन कानाला लावून बसले होते. आम्हाला बघून ते उठले, फोनवर हात ठेवला आणि अपराधी चेहऱ्याने काहीतरी सांगायला लागले. काही सांगायची गरज नव्हती.

माझ्या मागून ड्रायव्हरने डोकं पुढे काढलं. सामानावरून एकदा नजर फिरवली.

"साहेब, तुम्हाला कुठं जायचंय?"

त्यांनी सांगितलं. ड्रायव्हर म्हणाला, "माझ्या रस्त्यावरच आहे." नवरा तोवर खाली पार्किंग बघायला गेलासुद्धा. गृहस्थांच्या पत्नी आतून हात पुसत आल्या, परिस्थिती त्यांच्या लगेच ध्यानात आली. त्यांची थोडी बांधाबांध बाकी होती, म्हणून त्यांनी विचारलं, "ताई, तुमच्याकडे चिकटपट्टी आहे का हो?"

"आहे ना," मी म्हटलं, "फक्त आधी एक वही शोधावी लागेल."