"कोणत्याबी पन्नीत ठेवा" म्हणणाऱ्या त्या मेसेजला एका लॅमिनेशनवाल्याचं उत्तर

पंधरा दिवसात हा मेसेज मला पाच ग्रुपवरून आला, घरच्या ग्रुपवर तर माझ्याच साळ्यानं टाकला. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जुने फोटो अन् आठवणीचे कागद टिकवायचे असतील तर पारदर्शक पानांची कोणतीही फाईल घ्या, प्लास्टिक सगळं सारखंच. 'ॲसिड फ्री' लिहिलेलं दिसलं की डोळे झाकून घ्या. चिकट पानांचा अल्बम सर्वात सुरक्षित. जे लय महत्त्वाचं आहे ते लॅमिनेट करा, शंभर वर्ष काळजी नाही. वरून डांबर गोळ्या टाका. अन् मोबाईलमध्ये काढून घेतलं असेल तर मूळ फोटो ठेवायची गरजच नाही. खाली दोन हात जोडलेले.

माझं तालुक्याच्या गावी झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान आहे, यवतमाळ जिल्ह्यात. म्हणजे खरं पाहिलं तर हा मेसेज माझ्या धंद्याचा, मी गप्प बसलो तर चार पैसे जास्तच येतील. पण लोक जे करून राहिले ते पाहून राहावत नाही.

आधी ते "प्लास्टिक सगळं सारखंच". याच्यावर मी सर्वात जास्त बोलणार आहे कारण बाकीच्या अर्ध्या चुका इथूनच निघतात. तुमच्या घरात एखादी जुनी फाईल असेल, मऊ पन्नीच्या पानांची, तिच्यातून दहावीच्या मार्कशीटची झेरॉक्स ओढून काढून पहा. झेरॉक्सची अक्षरं पन्नीला छापून आलेली दिसतील, अन् कागदावर पांढरे डाग. हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, फक्त विचार कोणी केला नाही की असं काहून होते. ती पन्नी पीव्हीसीची असते. पीव्हीसी मूळचं कडक, म्हणजे आपला बोअरचा पाईप असतो ना तेच. त्याला मऊ करायला तेलासारखं एक द्रव्य मिसळतात, प्लास्टिसायझर. ते द्रव्य हळूहळू बाहेर येत राहते, पन्नी चिपचिप होते, झेरॉक्सची शाई उचलते, फोटोला चिकटते. वरून पीव्हीसी जुनं झालं, उन्हातान्हात तापलं की त्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ सुटते. आता आपल्याकडे नवतपा लागला की टिनाच्या खोलीत काय होते ते मी सांगायला नको, बाहेरच ४५ च्या वर असते. त्या माळ्यावर फोटोची फाईल ठेवली म्हणजे फोटो त्या वाफेत शिजायलाच टाकले समजा.

मग कोणती पन्नी चालते? तीन चालतात. पॉलिएस्टर, पॉलिप्रॉपिलीन म्हणजे पीपी, अन् पॉलिइथिलीन, पण तिघंही साधे, वरून काही लेप नसलेले. पॉलिएस्टर काचेसारखं साफ अन् कडक, हलवलं की खडखड वाजते, महाग असते. पीपी थोडं स्वस्त, स्टेशनरीच्या दुकानात शीट प्रोटेक्टर म्हणून जे मिळते त्यात बरेचदा हेच असते, पाकिटावर लिहिलेलं वाचा. त्रिकोणातला आकडा असेल तर १ म्हणजे पॉलिएस्टरच्या घरातलं, २ अन् ४ पॉलिइथिलीन, ५ म्हणजे पीपी, अन् ३ दिसला की खाली ठेवून द्या, ते पीव्हीसी. आकडा नसेल तर नाक वापरा. नव्या रेनकोटचा किंवा रेक्झिनच्या सीटचा वास येत असेल तर घेऊ नका.

तरीबी शंका राहिली तर एक जुनी टेस्ट आहे, ती अंगणात करा, घरात नको, धूर वाईट असतो. मोटर जळाली की वाइंडिंगची तांब्याची तार प्रत्येक घरी पडलेली असते. ती पकडीत धरून गॅसवर लाल करा, ज्योतीचा रंग साधा होईपर्यंत, मग त्या गरम तारेनं पन्नीचा कोपरा टोचा अन् तार परत ज्योतीत धरा. हिरवी ज्योत निघाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसीच समजायचं. मी ही टेस्ट दुकानातल्या मालावर केली अन् तीन प्रकारच्या फाईलींपैकी दोन हिरव्या जळाल्या. झेरॉक्स खराब झाली तर परत काढता येते, म्हणून त्या मी आता झेरॉक्स ठेवणाऱ्यांनाच विकतो, फोटोवाल्यांना नाही.

अन् फाईलचं वरचं कव्हर विसरू नका. पानं पीपीची घेतली अन् बाहेरचा पुठ्ठा मऊ पन्नीत मढवलेला असला तर पहिलं अन् शेवटचं पान त्यालाच चिकटून असते. तिथे एक-एक कोरं पान सोडा. रिंग इंग्रजी डी अक्षरासारखी असलेली पहा, गोल रिंगमध्ये मागची पानं वाकतात अन् त्यासोबत फोटोही. अन् फाईल ठासून भरू नका, फोटो दाबल्या जातात.

'ॲसिड फ्री' चं आता. हा शब्द कागदाचा आहे. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात लिग्निन असते, त्यानं कागद पिवळा होतो, आंबट होतो म्हणजे त्यात ॲसिड तयार होते, पेपरच्या कात्रणाचं जे होते ते. म्हणून कागदाला, पुठ्ठ्याला ॲसिड फ्री अन् लिग्निन फ्री विचारणं बरोबर आहे. पण पन्नीवर ॲसिड फ्री लिहायला कोणाच्या बापाचं काय जाते? पीव्हीसीत लगदाच नाही तर लिग्निन कुठून येईल, म्हणून तो विकणारा खोटंही बोलत नाही, अन् तरी तीच पन्नी उद्या ॲसिड सोडणार. 'आर्काइव्हल' म्हणजे वर्षानुवर्षं जपून ठेवण्याजोगं, या शब्दाचंही तसंच, कोणीही कशावरही छापू शकतो. खरी तपासणी वेगळी आहे, तिला फोटो ॲक्टिव्हिटी टेस्ट म्हणतात, आयएसओ १८९१६. त्यात ते पान फोटोसारख्या नाजूक थरांना चिकटवून ७० अंश तापमानात अन् ८६ टक्के दमटपणात १५ दिवस ठेवतात, अन् मग पाहतात की थर फिका पडला का, डाग आला का. ऑनलाईन मागवत असाल तर ही टेस्ट पास आहे का तेवढं शोधा. आमच्या तालुक्यात असा माल मला अजून दिसला नाही, म्हणून वरची नाक अन् तारेची भानगड सांगितली.

एक गोष्ट मेसेजवाल्याची मान्य करतो. पन्नीच्या पानात फोटो असला की हात न लावता पाहता येते, अन् आपल्याकडे पाहुणे आले की अल्बम वीस हातांतून फिरतो, चिवडा खाल्लेल्या हातांतून. तेवढ्यासाठी पान पाहिजेच. पण पावसाळ्यात झडी लागली, आठ-आठ दिवस ऊन नाही, की फोटोच्या वरचा जो जिलेटीनचा थर असतो तो ओल पिऊन मऊ होतो, अन् मग चांगल्यातली चांगली पन्नी असली तरी दबावाखाली चिकटते. पॉलिएस्टरलाही चिकटते. म्हणून जे फोटो रोज पाहायचे नाहीत ते चांगल्या कागदाच्या पाकिटात ठेवले तर आपल्या हवेत जास्त बरं.

अन् कूलर! याचा विचारच कोणी करत नाही. उन्हाळ्यात आपण ज्या खोलीत कूलर लावतो त्याच खोलीत कपाट असते, बाहेर हवा कोरडी ठणठणीत अन् आत कूलरचं पाणी उडून राहिलं, दिवसा ओलं रात्री कोरडं. फोटोचा कागद अन् जिलेटीन वेगवेगळं फुगते-आकसते म्हणून फोटो वळतात. कपाट कूलरच्या खोलीतून हलवा, भिंतीपासून थोडं दूर, मधला कप्पा. माळा नको, चुलीची खोली नको, देवघर पण नको.

चिकट पानांच्या अल्बमबद्दल फार बोलत नाही. वर पन्नी, खाली गोंदाच्या रेघा, लग्नात स्टुडिओवाला द्यायचा तो. दहा-वीस वर्षांनी गोंद पिवळा होतो, फोटोच्या मागून खातो, अन् काढायला गेलं की फोटोचे दोन पदर होतात. "फोटो हलत नाही" हे खरंच आहे, परत कधीच हलत नाही. आधी पानासकट स्कॅन करून घ्या, मग दात साफ करायचा फ्लॉस मेडिकलवर मिळतो तो फोटोच्या मागून करवतीसारखा हळूहळू चालवा. निघत नसेल तर पान कापून तसंच ठेवा. आपल्या आजी-आबाजींच्या वेळेचा तो काळ्या पानांचा अल्बम, कागदी कोपरे अन् मध्ये बटर पेपर, तो डोक्यानं जास्त शहाणा होता. काळा कागद हलक्या प्रतीचा असायचा हे खरं, पण फोटो कोपऱ्यातून काढता यायचा.

आता लॅमिनेशन. मी दुकान टाकलं तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो अन् मशीन नवीन, तर पहिल्याच आठवड्यात हौसेनं आबाजींचा फोटो घातला. पोळ्याचा, बैलजोडीसोबत, कृष्णधवल. लॅमिनेशनचं पाकीट म्हणजे बाहेर पॉलिएस्टर अन् आत गरम झालं की वितळणारा गोंद. मशीन शंभर अंशाच्या वर तापते. फोटो आधीच थोडा वळलेला होता, रोलरमध्ये सुरकुतला अन् ती सुरकुती आबाजींच्या चेहऱ्यावरूनच गेली. ती आता निघत नाही. गोंद फोटोत मुरला, पाकीट फाडलं तर वरचा थर घेऊनच निघेल. आता कडेनं हवा शिरून पांढरं पडत चाललंय ते वेगळंच.

अन् फोटोपेक्षा मला कागदाची जास्त भीती वाटते. जात पडताळणीच्या दिवसात रोज कोणीतरी जुना दाखला घेऊन येते, ओबीसीवाल्यांना १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, अन् घरात तेवढा एकच कागद असतो, शाळेच्या रजिस्टरचा उतारा किंवा आबाजींचा शाळा सोडल्याचा दाखला. मागच्या महिन्यात एक मावशी आल्या, "भाऊ, याले पन्नीत गच्च करून दे न बाप्पा, पोट्ट्याच्या व्हॅलिडिटीले लागते." मी म्हटलं मावशी, गच्च केलं की उद्या कोणाला शाई, शिक्का, कागद पाहायचा असला तर पन्नीवरूनच पाहावं लागेल, अन् घडीवर कागद तुटला तर दुरुस्तही करता येणार नाही. त्या माझ्याकडे अशा पाहत होत्या जसं मी काम करायचा कंटाळा करून राहिलो. शेवटी रंगीत झेरॉक्स लॅमिनेट करून दिली अन् मूळ कागद घडी उघडून, पीपीच्या पानात, मागं चांगला पुठ्ठा लावून. दोन्ही बाजूनं दिसते अन् पाहिजे तेव्हा बाहेर निघते. त्या खुश झाल्या, पैसे तेवढेच घेतले.

डांबर गोळ्या? नको. त्यांची वाफ बंद फाईलीत जमते, काही प्लास्टिक मऊ करते, गार पडलं की परत बारीक कणांनी वस्तूंवरच बसते. कडूलिंबाचा ओला पाला तर त्याहून वाईट, ओलावाच आत नेऊन ठेवला. कसर अन् उधई ओल असली की येते, म्हणून ओल कमी करा. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलणाऱ्या घ्या, रंग बदलला की नव्या टाका. दिवाळीच्या आधी हवा कोरडी झाली की एकदा सगळं बाहेर काढून पंख्याखाली ठेवा, उन्हात नाही.

मेसेजमध्ये नाही पण घरोघरी चालते म्हणून सांगतो. लग्नपत्रिकेला आपण चार कोपऱ्यांना हळद-कुंकू लावतो, ती पत्रिका फोटोला लावून ठेवली की दोन वर्षांत फोटोला पिवळा ठसा. पत्रिका वेगळ्या पानात. पेपरचं कात्रण वेगळं. लेकराचं जावळ, सुकलेलं फूल हे तर फाईलीतच नको, कागदी पुडीत, वेगळ्या डब्यात. अन् ज्या फ्रेममध्ये फोटो काचेला चिकटलाय तो ओढू नका, काचेवरूनच स्कॅन करा अन् तसाच राहू द्या.

राहिलं मोबाईलचं. काढून जरूर ठेवा, रंगीत फोटो तर लवकर काढा, ऐंशी-नव्वदच्या दशकातले रंगीत फोटो अंधारातही उडतात, गरमीत जास्तच. पण व्हॉट्सॲपवर साधा पाठवला की तो बारीक होऊन जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, अन् जमलं तर स्कॅनरवर ६०० डीपीआयनं घ्या. मूळ फेकू मात्र नका. आबाजींच्या त्या पोळ्याच्या फोटोच्या मागं पेन्सिलीनं काहीतरी लिहिलेलं होतं, दोन ओळी, बैलांची नावं होती एवढं आठवते. मी त्या वेळी फोटो पाकिटात घालताना मागं पांढरा कागद लावला होता, छान दिसावं म्हणून. त्या ओळी आता दोन थरांच्या मधात आहेत. उजेडासमोर धरलं की एक अक्षर दिसते, 'ढ', ढवळ्याचा असेल. बाबा म्हणतात नाही, तेव्हा आपल्याकडे ढवळ्या नव्हताच.