१९१८ चा सिनेमा कायदा: अर्धी गोष्ट किती दिवस फिरवणार?

‘देशभक्तीचे चित्रपट चिरडण्यासाठी इंग्रजांनी १९१८ साली सेन्सॉर आणला, धार्मिक चित्रपटांना मात्र हात लावला नाही, आणि झाडून सगळे भारतीय त्याविरुद्ध उभे राहिले.’ हा मजकूर दर काही महिन्यांनी नव्याने फिरतो. तिन्ही दावे तपासू.

पहिला दावा. ‘राजा हरिश्चंद्र’ आला ३ मे १९१३ रोजी. पुढच्या पाच वर्षांत देशी मूकपट निघाले ते मोजके, आणि बहुतेक पौराणिक. मग चिरडायचं कुणाला? थिएटरांत चालत होते परदेशी सिनेमे, त्यातही अमेरिकन फार. पडद्यावर गोरी बाई कुणाच्याही गळ्यात पडते, गोरा माणूस दरोडा घालतो, आणि स्वस्त तिकिटाच्या बाकांवरून ‘नेटिव्ह’ ते बघतो! साहेबाची झोप उडाली ती गोऱ्यांच्या रुबाबाच्या काळजीने. शिवाय कायद्याचं अर्धं अंग आगीचं होतं. तेव्हाची नायट्रेटची फिल्म भडकन पेटायची. पॅरिसमध्ये १८९७ साली सिनेमाच्या एका खेळात प्रोजेक्टरच्या दिव्यामुळे आग लागून सव्वाशेच्या आसपास माणसं मेली. ब्रिटनचा १९०९ चा कायदाही मुळात आगीपासून बचावासाठीच होता. म्हणून आपल्याकडेही खेळाला परवाना लागू लागला.

दुसरा दावा तर साफ उलटा. १९२० मध्ये सेन्सॉरची मंडळं बसली. मुंबईच्या मंडळाचा अध्यक्ष खुद्द पोलीस आयुक्त. वर्षभरात ‘भक्त विदुर’ आला. महाभारतातला विदुर, पण डोक्यावर गांधी टोपी! कराची आणि मद्रासमध्ये त्यावर बंदी आली. प्रभात फिल्म कंपनीच्या, शिवाजी महाराजांवरच्या ‘स्वराज्याचे तोरण’लाही १९३० साली नाव बदलून ‘उदयकाल’ व्हावं लागलं. म्हणजे कायदा देशभक्तीवर चालवला गेला, हे खरंच; पण तो नंतर, आणि तेही पुराण-इतिहासाच्या आडोशाला लपलेल्या देशभक्तीवर.

तिसरा दावा. सरकारने १९२७ साली सिनेमाच्या चौकशीसाठी समिती नेमली; अध्यक्ष मद्रासचे वकील टी. रंगाचारियार, सहापैकी तीन सदस्य भारतीय. समितीने शेकडो साक्षी ऐकल्या आणि सेन्सॉर हवाच, असा निर्वाळा दिला. गांधीजींनी तर कळवलं की मी सिनेमा कधी पाहिलेला नाही, पण त्याने केलेलं वाईट बाहेरच्यालाही उघड दिसतं. समितीने एक गोष्ट मात्र ठणकावून नाकारली: ब्रिटिश चित्रपटांना खास सवलत. सरकारने तो अहवाल बासनात गुंडाळून ठेवला.